बीदर लोकसभा मतदारसंघाची जडणघडण : सीमेवरील एका मतदारसंघाचा अभ्यास

भारतीय संविधानाने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले, तेव्हा त्याबरोबरच एक व्यावहारिक प्रश्न सोडविणे प्राप्त झाले. कोट्यवधी मतदारांनी आपले प्रतिनिधी निवडावयाचे, तर त्यांची विभागणी कोणत्या तत्त्वावर करावी, हा तो प्रश्न होय. जिल्हा, तालुका, गाव ही महसुली प्रशासनाची अंगे फार पूर्वीपासून अस्तित्वात होती. लोकसभा मतदारसंघ हे मात्र स्वतंत्र भारताने नव्याने घडविलेले अंग आहे. त्याला ना वेस आहे, ना कचेरी. तो कागदावर आखला जातो, निवडणुकीच्या दिवशी प्रत्यक्षात येतो आणि ठरावीक काळानंतर पुन्हा नव्याने आखला जातो. असे असूनही खेड्यातील नागरिकाचा दिल्लीशी असलेला घटनात्मक संबंध त्याच्याच द्वारे प्रस्थापित होतो. म्हणून आपला मतदारसंघ कसा घडला, हे समजून घेणे हा नागरिकशास्त्राचा एक आवश्यक धडा मानला पाहिजे. प्रस्तुत लेखात कर्नाटकाच्या ईशान्य टोकावरील बीदर लोकसभा मतदारसंघाचा या दृष्टीने परामर्श घेण्याचे योजिले आहे.

खजुरीचे स्थान

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत खजुरी हे गाव वसलेले आहे. उत्तरेस सीमा ओलांडली की धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुका लागतो. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा घराघरांत समजतात. उर्दूही कानांवर पडते. बाजारहाट, सोयरीक आणि देवदर्शन यांसाठी सीमेच्या दोन्ही बाजूंना माणसांची सतत ये-जा चालू असते. जमीन दोन्हीकडे सारखीच काळी आणि पाऊसही सारखाच अनिश्चित.

अशा या गावावरून प्रशासनाच्या तीन रेषा जातात. पहिली रेषा राज्याची. तिने खजुरीला कर्नाटकात ठेवले आहे. दुसरी रेषा जिल्ह्याची. तिने खजुरीचा कारभार कलबुर्गीशी जोडला आहे. तिसरी रेषा लोकसभा मतदारसंघाची. तिने खजुरीचे मत बीदरशी बांधले आहे. म्हणजे येथील शेतकऱ्याला जमिनीच्या मोठ्या कामासाठी कलबुर्गीच्या जिल्हाधिकारी कचेरीत जावे लागते, परंतु त्याचा खासदार मात्र बीदरचा असतो. हे असे का व्हावे, याचे उत्तर नुसत्या नकाशात मिळत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

जुना बीदर जिल्हा आणि पहिली निवडणूक

बीदर परिसराला राजकीय महत्त्व नवे नाही. आजचे बसवकल्याण म्हणजे उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याण होय. धर्मशास्त्रातील सुप्रसिद्ध ‘मिताक्षरा’ टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर हा येथलाच, आणि बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी समतेचा विचार मांडला तोही याच नगरीत. पुढे पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली. वजीर महमूद गावान याने १४७२ च्या सुमारास उभारलेल्या मदरशाची भव्य वास्तू त्या काळाची साक्ष देत आजही उभी आहे. त्यानंतरच्या घडामोडींत हा मुलूख निजामाच्या राज्यात समाविष्ट झाला.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्यात आल्या आणि सर्व प्रदेश एकाच महसुली व्यवस्थेखाली आला. त्या वेळचा बीदर जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. बीदर, भालकी, हुमणाबाद व औराद या भागांबरोबरच अहमदपूर, उदगीर व निलंगा हे मराठीभाषी तालुके आणि जहिराबाद व नारायणखेड हे तेलुगूभाषी तालुके त्यात समाविष्ट होते. कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच जिल्ह्यात नांदत होत्या.

१९५१-५२ मध्ये झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या २५ जागा आल्या होत्या. त्यांपैकी एक बीदर ही होती. या जागेवरून काँग्रेस पक्षाचे शौकतुल्ला शाह अन्सारी निवडून आले. पुढे १९६८ ते १९७१ या काळात ते ओडिशाचे राज्यपाल होते. निजामाच्या अमलात ज्या रयतेला जबाबदार शासनपद्धती ठाऊकच नव्हती, तिने प्रथमच मतपत्रिकेद्वारे आपला प्रतिनिधी दिल्लीस पाठविला, ही घटना या प्रदेशाच्या दृष्टीने लहान नव्हती.

१९५६ ची विभागणी

डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नियुक्त करण्यात आला. फजल अली हे त्याचे अध्यक्ष आणि हृदयनाथ कुंझरू व का. मा. पणिक्कर हे सदस्य होते. ३० सप्टेंबर १९५५ रोजी आयोगाने आपला अहवाल सादर केला. हैदराबाद राज्यातील मराठी व कानडी जिल्हे वेगळे काढून उरलेल्या तेलुगू जिल्ह्यांचे स्वतंत्र हैदराबाद राज्य काही काळ ठेवावे आणि बीदर जिल्हा त्या राज्यात असावा, अशी शिफारस आयोगाने केली होती. बहुभाषी जिल्ह्याचे तुकडे न करता तो अखंड ठेवण्याचा एक मार्ग त्यात सुचविलेला होता.

ही शिफारस प्रत्यक्षात आली नाही. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ अन्वये जिल्ह्याचे तीन भाग करण्यात आले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याला मिळाले. नारायणखेड तालुका, निर्णा मंडळ वगळून जहिराबाद तालुका आणि बीदर तालुक्यातील न्यालकल मंडळ हे भाग आंध्र प्रदेशाकडे गेले. उरलेला बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. गुलबर्गा जिल्हाही कोडंगल व तांडूर हे दोन तालुके वगळून म्हैसूरलाच जोडण्यात आला. आळंद व चिंचोळी हे तालुके त्यातच राहिले. ही विभागणी केवळ तालुक्यांच्या पातळीवर न थांबता महसुली मंडळांपर्यंत खाली उतरली होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ही व्यवस्था अमलात आली. पुढे मुंबई राज्याचे १ मे १९६० रोजी विभाजन होऊन महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. २ जून २०१४ रोजी तेलंगण हे स्वतंत्र राज्य बनले. परिणामी एकेकाळी एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत असलेला मुलूख आज तीन राज्यांत आणि तीन लोकसभा मतदारसंघांत विभागला गेला आहे. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. जहिराबाद व नारायणखेड हे तेलंगणातील जहिराबाद मतदारसंघात मोडतात. आणि मधला भाग बीदर मतदारसंघात राहिला आहे. विकाराबादहून परळीकडे जाणारा लोहमार्ग मात्र जहिराबाद, बीदर, भालकी आणि उदगीर यांना अजूनही एकाच सूत्रात ओवून पुढे जातो.

सीमेच्या आखणीबाबत महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यात निर्माण झालेला वाद सर्वविदित आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नियुक्त केला व आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला; तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो विषय स्वतंत्र विवेचनाचा आहे. येथे एवढेच नमूद करणे पुरेसे होईल की, राज्याची सीमा बदलणे संसदेच्या अधिकारातील बाब असल्याने ती क्वचित बदलते. मतदारसंघाची सीमा मात्र जनगणनेच्या आधारे पुन्हा पुन्हा तपासली जावी, अशी संविधानाची अपेक्षा आहे.

द्विसदस्य मतदारसंघाचा काळ

१९५७ च्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत बीदर या नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता. नव्या म्हैसूर राज्याची लोकसंख्या १९५१ च्या गणनेनुसार सुमारे १ कोटी ९४ लाख होती आणि लोकसभेच्या जागा २६ होत्या. म्हणजे एका जागेमागे सरासरी साडेसात लाख लोकसंख्या येत होती. तीन राज्यांत वाटल्या गेलेल्या बीदर जिल्ह्याच्या वाट्याला या हिशेबात स्वतंत्र जागा आली नाही. त्या वेळी गुलबर्गा हा दोन सदस्य निवडून देणारा मतदारसंघ होता. तेथून महादेवप्पा रामपुरे आणि शंकर देव हे दोघे निवडून आले. रामपुरे हे गुलबर्ग्यातील शिक्षणकार्यासाठीही ओळखले जातात.

द्विसदस्य मतदारसंघाची पद्धत आजच्या वाचकांना अपरिचित असण्याचा संभव आहे. अशा मतदारसंघातील दोन जागांपैकी एक अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव असे. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मतमोजणीत प्रथम राखीव जागेसाठी पात्र असलेल्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणारा विजयी घोषित केला जाई आणि नंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याची मते अधिक, त्याला दुसरी जागा मिळे. त्यामुळे राखीव गटातील दोन उमेदवार दोन्ही जागांवर निवडून येणेही शक्य होते. आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम् मतदारसंघात १९५७ मध्ये असेच घडले व पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी तेथे पराभूत झाले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल गिरी यांच्या विरुद्ध लागला.

अशा मतदारसंघांचा विस्तार फार मोठा असल्याने उमेदवारांना तो पिंजून काढणे दुर्घट होत असे. १९६१ च्या अधिनियमाने ही पद्धत रद्द करण्यात आली. द्विसदस्य मतदारसंघांचे एकसदस्य मतदारसंघांत रूपांतर झाले आणि बीदरचे नाव लोकसभेच्या यादीत पुन्हा आले. या खेपेस ते अनुसूचित जातींसाठी राखीव जागा म्हणून आले.

राखीव मतदारसंघाची वाटचाल

१९६२ पासून २००९ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ वर्षे बीदर हा राखीव मतदारसंघ होता. १९६२ आणि १९६७ मध्ये काँग्रेसचे रामचंद्र वीरप्पा येथून निवडून आले. १९७१ व १९७७ मध्ये शंकर देव यांना, तर १९८०, १९८४ व १९८९ मध्ये नरसिंगराव सूर्यवंशी यांना मतदारांनी कौल दिला. १९९१ मध्ये रामचंद्र वीरप्पा यांनी या वेळी भारतीय जनता पक्षातर्फे ही जागा पुन्हा जिंकली आणि १९९६, १९९८, १९९९ व २००४ अशा लागोपाठच्या निवडणुकांतही ती राखली. एकूण सात वेळा ते लोकसभेवर निवडून गेले. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही संसदेत बसणारे ते एक अत्यंत वयोवृद्ध सदस्य होते. जुलै २००४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत नरसिंगराव सूर्यवंशी विजयी झाले.

या यादीवरून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जवळजवळ अर्धशतकाच्या कालावधीत या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व प्रामुख्याने तिघांनी केले. राखीव जागेचा हेतू केवळ एखाद्या समाजघटकाला संख्येच्या प्रमाणात स्थान देणे एवढाच नाही. ज्यांना शतकानुशतके गावाच्या पंचायतीतही बोलण्यास मज्जाव होता, त्यांनी समस्त मतदारांचे प्रतिनिधी म्हणून देशाच्या सर्वोच्च सभागृहात बोलावे, हा त्यामागील हेतू आहे. राखीव मतदारसंघात उमेदवार विशिष्ट समाजाचा असला, तरी मत देण्याचा अधिकार सर्वांना असतो. त्यामुळे निवडून येणाऱ्यास सर्वांचा विश्वास संपादन करावा लागतो.

२००८ ची पुनर्रचना

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या वाट्याच्या लोकसभेतील जागा १९७१ च्या जनगणनेच्या आधारावर गोठविण्यात आल्या. कुटुंबनियोजनात यश मिळविणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये, हा त्यामागील विचार होता. कर्नाटकाच्या जागा १९७७ पासून २८ आहेत. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही स्थगिती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. मात्र राज्यांतर्गत मतदारसंघांच्या सीमा व राखीव जागा २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने ठरविण्यास ८७ व्या दुरुस्तीने, २००३ मध्ये, मुभा दिली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने हे काम केले. फेब्रुवारी २००८ मध्ये नवी रचना अमलात आली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कर्नाटक विधानसभेची निवडणूक तिच्या आधारे झाली.

खजुरीचे मत बीदरला का जोडलेले आहे, याचा उलगडा या रचनेच्या अंकगणितात होतो. २००१ मध्ये कर्नाटकाची लोकसंख्या ५,२८,५०,५६२ होती. विधानसभेच्या २२४ जागांनी तिला भागले असता एका जागेमागे सुमारे २ लाख ३६ हजार लोकसंख्या येते. बीदर जिल्ह्याची लोकसंख्या त्या वर्षी १५,०२,३७३ होती. म्हणजे जिल्ह्याला विधानसभेच्या सहा जागा मिळणे क्रमप्राप्त होते. कर्नाटकात लोकसभेचा एक मतदारसंघ विधानसभेच्या आठ मतदारसंघांचा बनतो. तेव्हा बीदरला दोन विधानसभा मतदारसंघ कमी पडतात आणि ते शेजारच्या जिल्ह्यातून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

त्या वेळच्या अखंड गुलबर्गा जिल्ह्याची लोकसंख्या ३१,३०,९२२ होती व त्याच्या वाट्याला तेरा जागा आल्या. त्यांपैकी आठ गुलबर्गा लोकसभा मतदारसंघात राहिल्या. सुरपूर, शहापूर व यादगीर या तीन जागा रायचूर मतदारसंघाला जोडल्या गेल्या. आळंद व चिंचोळी या दोन जागा बीदरकडे आल्या. आठ, तीन आणि दोन मिळून तेरा, असा हा हिशेब आहे. १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले नसते, तर त्याला शेजाऱ्याकडून तालुके उसने घेण्याची गरज पडली नसती. अर्धशतकापूर्वीची राज्यरेषा अशा रीतीने आजच्या मतदारसंघाच्या रेषेवर आपली छाया टाकते.

याच पुनर्रचनेत हुलसूर व कमलापूर हे विधानसभा मतदारसंघ संपुष्टात आले आणि बीदर दक्षिण हा नवा मतदारसंघ निर्माण झाला. पुढे हुलसूर व कमलापूर या दोन्ही गावांना तालुक्याचा दर्जा मिळाला. एकीकडे मतदारसंघ गेला, तर दुसरीकडे तालुका आला. लोकसभेसाठी बीदरचे आरक्षण संपून ते गुलबर्गा मतदारसंघाकडे गेले. सीमेपलीकडेही असाच पालट झाला. उस्मानाबादची राखीव जागा सर्वसाधारण झाली, तर लातूर आणि सोलापूर या जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्या.

सर्वसाधारण जागा झाल्यानंतर २००९ मध्ये कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री धरम सिंग बीदरमधून काँग्रेसतर्फे निवडून आले. २०१४ व २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे भगवंत खुबा, तर २०२४ मध्ये काँग्रेसचे सागर ईश्वर खंड्रे विजयी झाले. २०२४ मध्ये बीदर, उस्मानाबाद, लातूर व सोलापूर या चारही मतदारसंघांत ७ मे रोजीच मतदान झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नातलगांनी एकाच दिवशी, परंतु निरनिराळ्या उमेदवारांसाठी मत दिले.

मतदारसंघाची आजची रचना

आजच्या बीदर लोकसभा मतदारसंघात औराद, भालकी, बीदर, बीदर दक्षिण, हुमणाबाद, बसवकल्याण, आळंद व चिंचोळी हे आठ विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी औराद व चिंचोळी हे अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत.

औराद हा उत्तरेकडील भाग नांदेड व लातूर जिल्ह्यांस भिडलेला असून तेथे मराठीचा वावर मोठा आहे. भालकीच्या परिसरात कारंजा नदीवरील जलाशय असून मांजरा नदीचे खोरे औराद, भालकी व बीदर या भागांतून जाते. बीदर हे जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले शहर बिदरी कलाकामासाठी जगप्रसिद्ध आहे. जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी बसविणाऱ्या या कलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे. हुमणाबादजवळील माणिकनगर हे माणिकप्रभूंचे स्थान असून मराठी, कन्नड व तेलुगू भाषी भाविक तेथे एकत्र येतात. बसवकल्याण हे शरण परंपरेचे श्रद्धास्थान होय. आळंद येथील लाडले मशायख यांचा दर्गा सर्वधर्मीयांना परिचित आहे. याच तालुक्यात अमरजा नदीवर धरण बांधण्यात आले आहे. चिंचोळी हा वनांचा भाग असून तेथे अभयारण्य आहे. येथूनच विधानसभेवर निवडून येणारे वीरेंद्र पाटील १९६८ ते १९७१ या काळात म्हैसूरचे आणि १९८९-९० मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते.

या साऱ्या भागाचे अर्थकारण मुख्यतः कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. तूर, उडीद, मूग, ज्वारी व सोयाबीन ही प्रमुख पिके असून पाण्याची सोय आहे तेथे ऊस घेतला जातो. कलबुर्गीच्या तुरीलाही भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला आहे. बीदर व कलबुर्गी या दोन जिल्हा ठिकाणांना जोडणारा लोहमार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आला. या मागासलेल्या प्रदेशासाठी २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने संविधानात ३७१ (ञ) हा अनुच्छेद घालण्यात आला. त्यान्वये स्थानिक उमेदवारांना शिक्षण व शासकीय नोकरी यांत राखीव जागा ठेवता येतात. २०१९ मध्ये या विभागास कल्याण कर्नाटक असे नाव देण्यात आले.

मतदारयादी : प्रतिनिधित्वाचा पाया

मतदारसंघ कितीही काळजीपूर्वक आखला, तरी मतदारयादी सदोष असेल, तर तो निरर्थक ठरतो. या बाबतीत आळंद विधानसभा मतदारसंघातील घटना उद्बोधक आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी यादीतून नावे वगळण्यासाठी नमुना ७ चे ६,०१८ अर्ज ऑनलाइन पद्धतीने दाखल झाले होते. प्रत्यक्ष पडताळणी केली असता त्यांपैकी अवघे २४ अर्ज योग्य आढळले आणि उरलेले ५,९९४ अर्ज नामंजूर करण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये या प्रकरणी पोलिसांत गुन्हाही नोंदविण्यात आला. २०२५ मध्ये या घटनेची देशभर चर्चा झाली. राजकीय मतभेद बाजूस ठेवून पाहिले, तर यातून मिळणारा बोध स्पष्ट आहे. दारोदार जाऊन केलेल्या पडताळणीमुळे ही नावे यादीत टिकून राहिली. ती पडताळणी झाली नसती, तर आपले नाव गेल्याचे पुष्कळांना मतदान केंद्रावर पोहोचल्यावरच कळले असते.

सीमावर्ती गावांत हा धोका अधिक संभवतो. ऊसतोडणी, बांधकाम किंवा शिक्षण यांच्या निमित्ताने माणसे महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात. लग्न होऊन सीमेपलीकडे गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीत राहतात आणि सासरच्या यादीत येत नाहीत, किंवा दोन्हीकडून गळतात. नाव एकाच ठिकाणी असावे, हा कायद्याचा दंडक आहे. नवीन नोंदणीसाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७ आणि दुरुस्ती अथवा स्थलांतरासाठी नमुना ८ वापरावयाचा असतो. १८ वर्षे पूर्ण होण्याची तारीख पूर्वी केवळ १ जानेवारी धरली जात असे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा मान्य करण्यात आल्या आहेत.

भाषेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. राज्य पुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ च्या ७ व्या घटनादुरुस्तीने ३५० (क) व ३५० (ख) हे अनुच्छेद घालण्यात आले. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीची अपेक्षा व्यक्त केली. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. या दोन्ही तरतुदींचा अर्थ असा की, सीमारेषेच्या कोणत्याही बाजूस राहणारा नागरिक आपल्या भाषेसह पूर्ण नागरिक असतो. कर्नाटकातील मराठी भाषकास ही गोष्ट जेवढी लागू आहे, तेवढीच ती अक्कलकोट वा उदगीर येथील कन्नड भाषकासही लागू आहे.

पुढील पुनर्रचना आणि नागरिकांचे कर्तव्य

२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर पुढील परिसीमन अवलंबून राहील, असे ८४ व्या दुरुस्तीने ठरविले आहे. तसेच २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने लोकसभा व विधानसभा यांतील एक-तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद केली असून तिचा अंमल परिसीमनाशी जोडलेला आहे. बीदरमधून आजवर एकही महिला लोकसभेवर निवडून गेलेली नाही. सीमेपलीकडील उस्मानाबाद मतदारसंघाने मात्र २००४ मध्ये कल्पना नरहिरे यांना निवडून दिले होते.

परिसीमनाची कार्यपद्धती नागरिकांनी जाणून घेणे इष्ट आहे. २००२ च्या अधिनियमानुसार झालेल्या कामात प्रत्येक राज्यातील काही खासदार व आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता. आयोगाने प्रस्तावांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध केला, लेखी हरकती व सूचना मागविल्या आणि जाहीर बैठका घेऊन त्यांचा विचार केला. अंतिम आदेश प्रसिद्ध झाल्यानंतर मात्र त्यात बदल करून घेण्यास जवळजवळ वाव राहत नाही. म्हणून ज्यांना आपल्या गावाविषयी काही सांगावयाचे असेल, त्यांनी ते मसुद्याच्या टप्प्यावरच सांगितले पाहिजे. ग्रामपंचायतीचा ठराव, दळणवळणाच्या साधनांचा तपशील, लोकसंख्येचे आकडे आणि जवळच्या बाजारपेठेशी असलेला संबंध अशी साधार माहिती नुसत्या तक्रारीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

आळंद तालुक्यासारख्या भागाच्या दृष्टीने यात खरे हित गुंतलेले आहे. एका जिल्ह्यात कारभार आणि दुसऱ्या जिल्ह्यात खासदार अशी स्थिती असली की, गावाचा प्रश्न दोन कचेऱ्यांच्या मध्ये अडकण्याचा संभव असतो. निवडणुकीतही लोकसभेचे निवडणूक निर्णय अधिकारी बीदरला, तर तालुक्याची जिल्हा यंत्रणा कलबुर्गीला असते. तथापि या स्थितीला दुसरी बाजूही आहे. दोन जिल्ह्यांच्या यंत्रणांकडे दाद मागण्याचा मार्ग अशा गावाला खुला असतो, आणि आठांपैकी दोन विधानसभा मतदारसंघ आपल्या जिल्ह्याबाहेरचे आहेत, याची जाणीव कोणत्याही उमेदवाराला ठेवावीच लागते. ही जाणीव त्याला करून देणे सर्वस्वी मतदारांच्या हाती आहे.

बीदर मतदारसंघाच्या इतिहासाकडे पाहता असे दिसते की, तो एकदा राज्य पुनर्रचनेने दुभंगला, एकदा यादीतून लुप्त झाला, दीर्घकाळ राखीव राहिला आणि नंतर सर्वसाधारण झाला. प्रत्येक वेळी रेषा बदलल्या. परंतु त्यांच्या आत राहणारी माणसे, त्यांची शेती, त्यांच्या भाषा आणि त्यांच्या गरजा त्याच राहिल्या. रेषा आखणे हे आयोगाचे काम आहे. त्या रेषेच्या आत आपले नाव यादीत आहे की नाही, हे पाहणे आणि वेळ येताच आपले म्हणणे योग्य जागी नोंदविणे हे खजुरीसारख्या प्रत्येक गावातील मतदाराचे कर्तव्य आहे.